तलवार धरणाऱ्या हाताचे संरक्षण

तलवारीच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळ असतो तो हात. डोके मागे घेता येते, छाती तिरकी करता येते. पण पाते पुढे न्यायचे तर मूठ पुढे जाते आणि मुठीबरोबर पंजाही जातो. त्यामुळे केवळ हौसेने, बोथट तलवारीने किंवा काठीने खेळणाऱ्यालाही पहिला मार बहुधा बोटांवरच बसतो. मनगटासह पंजात 27 हाडे असतात आणि बोटांच्या पाठीवर त्यांना मांसाचे आवरण जवळजवळ नसते. त्यात मूठ आवळलेली असली की बोटे आतून मुठीच्या कठीण दांड्याला टेकलेली असतात. बाहेरून पाते आदळले की हाड दोहोंच्या मध्ये चेपते. बोथट तलवारीने कातडी सहसा फाटत नाही, पण पेर मोडायला धारेची गरजही नसते.

हा हात वाचवण्याचे तीन मार्ग तलवारबाजीच्या इतिहासात दिसतात. संरक्षण हातावर चढवायचे, ते शस्त्राच्या मुठीलाच जोडायचे, किंवा हातावरचा वार खेळापुरता मोजायचाच नाही असा नियम करायचा. प्रत्येक मार्गाची किंमत वेगळी आहे आणि ती बहुतेक वेळा मनगटाला मोजावी लागते. हात जितका झाकावा तितके मनगट जखडते, आणि मनगट जखडले की तलवारीची चाल बदलते. आज छंद म्हणून तलवारीची लढत खेळणारे किंवा तलवार फिरवणारे लोक ग्लोव्हज निवडताना याच पेचात पडतात.

युरोपात बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात कड्यांच्या चिलखताच्या बाह्या लांबवून त्यांचाच बोटे झाकणारा पिशवीवजा मोजा केला जाऊ लागला. तळहाताच्या बाजूला कातडे असे आणि त्याला चीर ठेवलेली असे, म्हणजे लढाई नसताना हात बाहेर काढता येई. कड्यांमुळे धार अडे, पण आघात अडत नसे. कड्यांखालचे हाड मोडायचे ते मोडेच. चौदाव्या शतकात पत्र्याचे चिलखत आले तेव्हा ही उणीव भरून निघू लागली. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विस्बी येथे 1361 मध्ये झालेल्या लढाईतील मृतांच्या सामूहिक कबरी पुढे उत्खननात उघडल्या गेल्या. त्यांत चिलखतांबरोबर अनेक लहान पत्रे जोडून केलेले हस्तत्राणही मिळाले. त्याच शतकातील सर्वांत प्रसिद्ध जोडी इंग्लंडच्या 'ब्लॅक प्रिन्स' एडवर्डची. 1376 मध्ये तो वारला आणि कँटरबरी कॅथेड्रलमध्ये त्याच्या थडग्यावर त्याची आयुधे टांगली गेली. त्यांतले दस्ताने पितळेसारख्या मिश्रधातूचे, मनगटापाशी निमुळते आणि कोपराकडे फाकणारे आहेत. फाकलेल्या भागामुळे मनगटाला वळायला जागा मिळते. हा आकार शोभेसाठी नसून हालचालीसाठी होता.

पंधराव्या शतकात कारागिरांपुढे एक प्रश्न उभा राहिला आणि तो आजही सुटलेला नाही: पाच बोटे वेगळी ठेवायची की एकत्र? बोटे वेगळी असली तर पकड बारकाईने बदलता येते, पण प्रत्येक बोटावर पत्र्याची अरुंद पट्टी येते आणि आघात एकाच बोटाला सोसावा लागतो. चारही बोटांवर एकच रुंद कवच असले तर मार शेजारच्या बोटांत वाटला जातो, शिवाय कवचाची कड मुठीला टेकून काही भार तिकडे जातो. मात्र अशा हाताने तलवार सैल सोडून पुन्हा पकडणे अवघड जाते. दोन्ही प्रकार त्या काळी शेजारीशेजारी बनत होते, म्हणजे चांगले कोणते याचा निकाल त्यांनाही लावता आला नव्हता. सोळाव्या शतकात द्वंद्वस्पर्धांसाठी तर बंद केल्यावर खिटी लागून मूठ उघडूच नये असा दस्ताना बनवला गेला. शस्त्र हातातून निसटण्याची भीती त्याने संपली. पकड बदलण्याची शक्यताही संपली.

चिलखताविना लढणाऱ्यांचा मार्ग वेगळा होता. लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहात असलेले 'आय 33' हे हस्तलिखित साधारण 1300 नंतरच्या काही दशकांतले असून उपलब्ध युरोपीय तलवारविद्येच्या ग्रंथांत ते सर्वांत जुने मानले जाते. त्यातील गुरू आणि शिष्य तलवारीबरोबर लहान गोल ढाल वापरतात. ही ढाल छातीसमोर धरलेली नसते. तलवारीचा हात पुढे जातो तेव्हा ती त्याच्यासोबत जाऊन त्याला झाकते. इटलीचा फिओरे देई लिबेरी याने 1410 च्या सुमारास रचलेल्या ग्रंथात सांगितले आहे की, त्याला पाच वेळा धारदार तलवारीने लढावे लागले आणि तेव्हा अंगावर फक्त जाड बंडी व हातांत मऊ कातड्याचे मोजे होते. असे मोजे पाते अडवत नाहीत. पकड सुटू न देणे आणि खरचटण्यापासून कातडी वाचवणे एवढेच त्यांचे काम. हात वाचवायचा तो कौशल्यानेच.

तलवार शहरी पोशाखाचा भाग झाली तेव्हा लोखंडी दस्ताने घालून रस्त्यावर फिरणे शक्य नव्हते. मग संरक्षण मुठीकडे सरकले. पाते नीट वळवता यावे म्हणून तर्जनी आडव्या दांडीपुढे नेण्याची सवय होती, त्या बोटासाठी आधी कडी आली. नंतर बाजूची कडी, बोटांवरून वाकून येणारी पट्टी आणि अखेर स्पेनमधल्या 'रेपियर' या लांब, अरुंद पात्याच्या तलवारीची वाटी. स्कॉटलंड व व्हेनिस येथील टोपलीवजा मुठींत तर पंजा जवळजवळ पूर्ण झाकला जाई. इंग्रज तलवारबाज जॉर्ज सिल्व्हर याने 1599 मधल्या आपल्या पुस्तकात रेपियरवर केलेल्या हल्ल्यात एक मुद्दा हाच होता की, ती तलवार धरणाऱ्याचा हात उघडा टाकते. बंद मुठीच्या आखूड इंग्रजी तलवारीचा त्याने आग्रहाने पुरस्कार केला. सिल्व्हरचा रेपियरवरचा राग काही ठिकाणी पक्षपाती वाटतो, पण हाताबद्दल त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि पुढच्या शतकात रेपियरच्या मुठीही अधिकाधिक बंद होत गेल्या.

नियमाच्या मार्गाची नोंदही जुनी आहे. बोलोन्याच्या परंपरेतला अँटोनियो मान्चोलिनो 1531 च्या ग्रंथात सांगतो की, मैत्रीच्या खेळात हातावरचा वार धरत नाहीत, कारण हात सर्वांत पुढे असतो. खऱ्या लढतीत मात्र नेमक्या त्याच कारणाने तो आधी गाठावा. इंग्लंडच्या पश्चिम भागातील काठीच्या खेळात डोक्यावर रक्त निघाले की डाव संपे. काठीला वेताची टोपली बसवलेली असे, म्हणून बोटे बचावत आणि डोकी फुटत. याच घराण्यातला 'सिंगलस्टिक' हा प्रकार 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्येही खेळला गेला.

भारतातही यांतले पहिले दोन विचार दिसतात, पण त्यांची मांडणी वेगळी आहे. मोगल आणि दख्खनी चिलखतात कोपरापासून मनगटापर्यंत पोलादी पन्हळीसारखा भाग असे आणि त्याला पुढे कड्यांचे किंवा कापूस भरलेले हाताचे आवरण जोडलेले असे. हा दस्ताना मुख्यतः हाताची बाहेरची बाजू राखी. तळहात आणि बोटांची आतली बाजू मोकळी राही, कारण भारतीय तलवारीची मूठ आखूड असते. तिच्यावर जाड मोजा घातलेला हात मावत नाही. मुठीच्या बुडाशी असलेली चकती मनगटाला टेकते आणि ते मर्यादेबाहेर वाकू देत नाही. तलवार मनगटातून झटकण्याऐवजी खांद्यातून ओढून कापण्याची जी पद्धत येथे रुजली, तिचा या चकतीशी थेट संबंध आहे. बोटांवरून येणारी परज काही तलवारींना असे, काहींना नसे.

खांडा आणि फिरंग यांची मूठ अधिक बंदिस्त होती. तिच्यात बोटांपुढे रुंद पत्रा, आतून कापडाची गादी आणि बुडाशी बाहेर निघालेली दांडी असे. गरज पडली तर दुसऱ्या हाताने ती दांडी धरून दोन्ही हातांनी वार करता येई. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर युरोपीय पाती पश्चिम किनाऱ्यावरून मोठ्या प्रमाणात आत येऊ लागली. ती येथल्या मुठींत बसवून फिरंग तयार होई. पाते परदेशी घेतले तरी मूठ आपलीच ठेवली गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लढण्याची रीत पात्यापेक्षा मुठीवर अधिक अवलंबून असते.

या विचाराचे टोक म्हणजे दांडपट्टा. त्यात दस्ताना आणि मूठ हे दोन भाग वेगळे उरतच नाहीत. पोकळ पोलादी आवरण पंजापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत हात झाकते, आत आडवी दांडी मुठीत धरायची असते, आणि मागच्या टोकाला पट्टी किंवा कडे हाताला बांधून घेते. समोर लांब, सरळ, दुधारी, लवचीक पाते. कट्यारीची आडवी पकड येथे तलवारीच्या लांबीला जोडली गेली आहे. या रचनेत बोटांवर वार येण्याची शक्यता जवळजवळ संपते. बदल्यात मनगट पूर्णपणे बांधले जाते. साधी तलवार मनगटातून फिरते. पट्टा फिरतो तो कोपर, खांदा, कंबर आणि पायांतून. म्हणूनच पट्टेकऱ्याचे सगळे अंग फिरताना दिसते, आणि पट्टा शिकवताना पवित्र्यावर एवढा भर दिला जातो. प्रेक्षकांना डौल वाटणारी ती गिरकी मुळात हात झाकल्याने आलेली गरज आहे.

पट्ट्याच्या संरक्षणाची हद्दही इतिहासाने नोंदली आहे. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाच्या भेटीच्या वेळी खानाचा अंगरक्षक सय्यद बंडा शिवाजी महाराजांवर पट्टा घेऊन धावून आला. महाराजांचा अंगरक्षक जिवा महाला याने खांद्यावर वार करून त्याचा पट्ट्याचा हात हत्यारासकट तोडला, असे सभासदाच्या बखरीत वर्णन आहे. पोलाद कोपराशी संपत होते आणि वार त्याच्या वर झाला. झाकलेल्या हातावर पाते वाया घालवण्यापेक्षा उघडा भाग शोधावा, हे त्या घाईतही जिवा महालाने ओळखले असावे. 2024 च्या शिवजयंतीला महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

सरावासाठी मात्र रोज पोलाद वापरले जात नसे. आखाड्यात फरी-गदगा असे: गदगा म्हणजे कातडे मढवलेली काठी आणि फरी म्हणजे लहान ढाल. कातड्याने काठीचा मार बोथट होई आणि फरी हाताच्या मदतीला येई. 'आय 33' मधल्या ढालीचे काम आणि फरीचे काम यांत फारसे अंतर नाही, आणि दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संपर्क असल्याचे दिसत नाही. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले, तेव्हा लाठी, फरी-गदगा आणि बनेटी (टोकांना गोळे किंवा पलिते लावून फिरवायची काठी) यांचे महत्त्व आणखी वाढले. बडोद्याहून 1936 ते 1949 या काळात दहा खंडांत निघालेल्या, द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'त या देशी खेळांची नोंद झाली. त्याअभावी कितीतरी डाव आणि पवित्रे विस्मरणात गेले असते. कोल्हापूरच्या तालमींत मर्दानी खेळ आजही शिकवले जातात आणि त्यांत मुलीही मोठ्या संख्येने उतरतात.

जपानने या प्रश्नाचे उत्तर सर्वांत पद्धतशीरपणे दिले. लाकडी तलवारीने जोराचा सराव केला की मनगटे मोडत, म्हणून सराव ठरावीक चालींपुरता राहिला होता. इत्तो-र्यू घराण्याच्या एका शाखेत आजही शिकवणारी बाजू 'ओनिगोते' नावाचे प्रचंड फुगीर हातमोजे घालते, म्हणजे शिष्याला मनगटावर पूर्ण जोराने वार करता येतो. अठराव्या शतकात नागानुमा कुनिसातो आणि नंतर नाकानिशी त्सुगुताके यांच्या परंपरांत बांबूच्या कामट्यांची 'शिनाई' आणि तिच्या जोडीचे संरक्षक साहित्य विकसित झाले. त्यातून पुढे केंदो हा खेळ घडला. केंदोच्या 'कोते' या हातमोज्यात पारंपरिकरीत्या हरणाचे केस भरतात आणि तळहाताला पातळ कातडे लावतात. पातळ यासाठी की, पकडीची जाणीव राहावी. केंदोमध्ये मनगट हे अधिकृत लक्ष्य आहे, म्हणजे नियमाने हात वगळण्याऐवजी तो मुद्दाम खेळात ठेवला आणि त्यापुरते कवच दिले. हे जमले ते शिनाई हलकी असल्यामुळे. प्रौढ पुरुषांच्या शिनाईचे किमान वजन 510 ग्रॅम असते. मारणारे साधन आणि झेलणारा मोजा एकमेकांसाठीच घडवले गेले. दुसऱ्या खेळातला मोजा उसना घेणाऱ्यांच्या हातून नेमकी हीच जोडी तुटते.

विसाव्या शतकातले हौशी खेळाडू अशीच उसनवारी करत होते. त्यांच्याआधी इंग्लंडमध्ये आल्फ्रेड हटन आणि एगर्टन कॅसल यांनी 1880-90 च्या दशकांत जुन्या तलवारविद्येचे पुनरुज्जीवन सुरू केले, पण ते फार काळ टिकले नाही. 1966 मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मध्ययुगीन जीवनाची हौस असणाऱ्यांची एक संस्था उभी राहिली. तिच्या सदस्यांनी वेताच्या तलवारींनी लढायला सुरुवात केली आणि हातांसाठी कधी पोलादी दस्ताने, कधी आइस हॉकीचे मोजे, तर कधी तलवारीलाच टोपलीची मूठ वापरली. 1990 च्या दशकात फिओरेसारख्या जुन्या गुरूंचे ग्रंथ वाचून लढण्याची चळवळ युरोप-अमेरिकेत वाढली. आधी सराव लाकडाच्या आणि नायलॉनच्या तलवारींनी चाले. लॅक्रॉस या मैदानी खेळाचे मोजे त्याला पुरत. मग लवचीक टोकाची पोलादी सराव-तलवार आली. तिचे वजन साधारण 1.3 ते 1.6 किलो असते, आणि ती पूर्ण वेगाने आली की उसन्या मोज्यांतली बोटे मोडू लागली. त्या दुखापतींतून खास या खेळासाठीचे कठीण प्लास्टिक-कवचाचे मोजे जन्माला आले. पोलंडच्या 'स्पेस' कंपनीसारख्या उत्पादकांनी ते बाजारात आणले. त्यांतही पंधराव्या शतकाचा वाद पुन्हा उगवला: पाच बोटांचे, तीन भागांचे की एका पिशवीचे? या वेळी प्रत्यक्ष दुखापतींचा अनुभव बऱ्यापैकी स्पष्ट बोलतो. दोन हातांनी धरायच्या, साध्या आडव्या दांडीच्या पोलादी तलवारीला बोटे एकत्र झाकणारे कवच अधिक सुरक्षित ठरते.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. आधी मूठ पाहायची. टोपली किंवा वाटी असलेल्या तलवारीला जाड कवचाचा मोजा नको. तो मुठीत शिरतच नाही आणि त्याचे काम मूठच करते. तेथे पाठीवर थोडी गादी असलेला कातडी मोजा पुरतो. मूठ उघडी असेल तर तलवारीचे वजन पाहायचे. फोम, वेत, नायलॉन आणि पोलाद यांच्यासाठी एकच मोजा असू शकत नाही. महाराष्ट्रात सहज मिळणारे क्रिकेटच्या फलंदाजीचे ग्लोव्हज फोमच्या किंवा हलक्या वेताच्या सरावापुरते चालतात. ते समोरून येणाऱ्या चेंडूसाठी बनलेले असतात. बोटांच्या बाजू, शेंडे आणि मनगट त्यांत उघडे राहतात. पोलादासमोर ते वापरणे धोक्याचे आहे. फेन्सिंगच्या साहित्यावर 350 किंवा 800 न्यूटन असा आकडा असतो. तो कापड भोसकले जाण्याला किती विरोध करते हे सांगतो, हाडाला बसणाऱ्या आघाताबद्दल काहीच सांगत नाही.

मोजा घालून स्वतःची तलवार धरून पाहिल्याशिवाय मापाचा अंदाज येत नाही. बोटांचे शेंडे कवचाच्या टोकाला टेकत असतील तर टोकावरचा वार थेट नखावर जातो. अंगठ्याला स्वतंत्र कवच हवे, कारण अनेक पकडींत तो पात्याच्या सपाट बाजूवर उघडा पडतो. मनगटाचे बाहेरचे उंच हाड कवचाखाली आले पाहिजे, आणि हात वळवला तरी मोजा व बाही यांच्यात फट पडता कामा नये.

तलवार, पट्टा, लाठी किंवा बनेटी नुसती फिरवणाऱ्याची गरज मात्र जवळजवळ उलटी असते. तेथे समोरून मार येत नाही. त्रास होतो तो घासण्याने, घामाने आणि स्वतःच्याच शस्त्राचे बूड मनगटावर आपटण्याने. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी आधी सोलली जाते. जाड मोज्यात मूठ सैल-घट्ट करण्याची जाणीव हरवते आणि शस्त्र सुटून दुसऱ्याला लागण्याची शक्यता वाढते. अशा सरावाला पातळ, हाताला चिकटून बसणारा कातडी मोजा किंवा मनगटाला कापडी पट्टी योग्य. पेटत्या बनेटीला कृत्रिम धाग्याचा मोजा कधीही वापरू नये. तो वितळून कातडीला चिकटतो. दिव्याच्या पोकळ नळीची तलवार वापरणारा प्रकार फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने 2018-19 च्या सुमारास आपल्या छत्राखाली घेतला. त्यात फिरवणे आणि लढणे दोन्ही येते, आणि त्या तलवारीला मुठीपाशी कसलाही आडोसा नसतो. नळी हलकी असल्याने तेथे बोटांच्या पाठीवर गादी असलेला मध्यम मोजा चालून जातो. पोलादाच्या बाबतीत अशी तडजोड शक्य नाही. दोन्ही करणाऱ्याने मोज्यांच्या दोन जोड्या ठेवाव्यात आणि लढत सुरू होण्याआधी पातळ जोडी उतरवून कवचाची चढवावी.